चारशे बारा पावलांवरचा धबधबा

मी पाटी बोलतेय. वळणावरची, डाव्या हाताची. गाडी जरा हळू घ्या, नाहीतर मला वाचायच्या आत पुढे निघून जाल आणि दोन किलोमीटरवर गाडीतलं कुणीतरी म्हणेल, "अहो, तिथे काय लिहिलं होतं?" रोज होतं हे. निम्मे लोक गाडी मागे घेत घेतच येतात.

माझ्यावर काय लिहिलंय ते मीच सांगते, उगाच मान वाकडी करू नका.

जगातला सगळ्यात छोटा धबधबा.
चारशे बारा पावलं.
बघून हसू नये.

तीन ओळी, पिवळ्यावर काळ्या. खाली टेकडीकडे जाणारा बाण. तिसरी ओळ वाचून लोक इथेच हसतात, धबधबा तर लांबच राहिला.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावायला नको. ज्याची मी इतकी वर्षं जाहिरात करतेय, तो धबधबा मी कधीच पाहिलेला नाही. तो वर टेकडीच्या कुशीत आणि मी इथे जमिनीत पाय रोवून. मला तो माहीत आहे तो परत येणाऱ्या माणसांच्या तोंडांवरून. तोंडं मात्र मी भरपूर पाहिली.

मी काही जन्माची पाटी नाही. मी एका कपाटाचं दार होते. समोरच्या घरात राहणाऱ्या पेंटरांनी आणि काकूंनी लग्नानंतर पहिली मोठी वस्तू घेतली ती हे कपाट. आम्ही दोन दारं होतो, मी डावी. माझ्या बाजूला काकूंच्या साड्या, उजवीच्या बाजूला पेंटरांचे शर्ट आणि रंगाचे डाग पडलेल्या पॅंटी. सत्तावीस वर्षं मी त्या घरातलं सगळं ऐकलं. कपाटाच्या दारासमोर माणसं काहीही बोलतात.

मग एका वर्षी ओल आली आणि मी फुगले. किती ढकललं तरी लागेना. काकू रोज खांदा लावायच्या आणि म्हणायच्या, "हिला एकदा काढा बाई." पेंटरांनी काढली. उजवी अजून घरातच आहे, निम्मं उघडं कपाट सांभाळत. माझं किल्लीचं भोक अजून अंगावर आहे. पेंटरांनी ते बुजवलं नाही, पहिल्या ओळीच्या शेवटी ते बरोब्बर पूर्णविरामाच्या जागी बसवलं. त्यांचं काम तसंच. हात साफ आणि डोकं तिरकं.

पेंटर आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. "येथे गाडी लावू नये", "उधारी बंद", "फाटकावर थुंकू नका". सगळी दुसऱ्यांची वाक्यं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, म्हणून एका सकाळी ते टेकडी चढून गेले आणि चपला भिजवून परत आले.

"अगं, आपल्याकडे धबधबा आहे," ते म्हणाले.

"आपल्याकडे नळाला धड पाणी येत नाही," काकू म्हणाल्या, "आणि धबधबा कुठला?"

तरी गेल्या. बघितला आणि इतक्या हसल्या की तिथेच दगडावर बसल्या. एक झरा, करंगळीएवढा, आणि एका खडकावरून तो खाली पडतो. उंची एक वीत आणि चार बोटं. पेंटरांनी दोन वेळा मोजली. काकू घरी आल्यावरही हसत होत्या, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. पेंटर चिडले नाहीत. ते मला भिंतीशी टेकवून ब्रश घेऊन बसले. पहिल्या दोन ओळी लोकांसाठी लिहिल्या. तिसरी खरं म्हणजे काकूंसाठी होती.

"सगळ्यात छोटा कशावरून?" काकूंनी विचारलं. "सगळं जग मोजून आलात?"

"याहून छोटा घेऊन कुणी आला तर पाटी बदलीन."

अजून कुणी आलेलं नाही. एक गृहस्थ मोजायची टेप घेऊन आले होते आणि आपल्या स्वयंपाकघरातला गळका नळ याहून छोटा आहे असं म्हणत होते. पेंटरांनी त्यांना अर्धा तास समजावलं की गळणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. गृहस्थ मान डोलावत गेले.

लोकांचं मला मोठं नवल वाटतं. गाडीतून उतरताना सगळे कुरकुरतात. कंबर धरतात, ऊन किती आहे म्हणतात, "काय बाई थांबवलंत" म्हणत एकमेकांवर डाफरतात. मग चारशे बारा पावलं जातात आणि येताना वेगळेच होऊन येतात. पावलांवरून भांडतात, कुणाची तीनशे नव्वद भरली, कुणाची पाचशे. ती पावलं पेंटरांची आहेत हे त्यांच्या लक्षात येत नाही. एकदा एक नवरा-बायको आले, गाडीत शंभर किलोमीटर एकमेकांशी बोलले नव्हते. हे मला दिसतंच. परत आले तेव्हा ती त्याच्या दंडाला धरून हसत होती आणि तो म्हणत होता, "बोटभर पाण्यासाठी तू मला एवढं चढवलंस."

खाली आल्यावर पेंटर ओसरीत उभे असायचेच. दोन प्रश्न ठरलेले.

"कसा वाटला? आणि पाणी गार होतं ना?"

त्या गार पाण्याचा त्यांना भारी अभिमान. बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जायची म्हणे. सगळे बोटच घालायचे, दुसरं काही घालण्याइतकी तिथे जागाच नाही. "बर्फ, काका, बर्फ," असं कुणी म्हटलं की पेंटरांचा तो दिवस सोन्याचा.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला अजून जड जातं.

पेंटर पडले ते माझ्यामुळे. माझी दुसरी ओळ फिकी झाली होती, ती उजळायला ते स्टुलावर चढले. स्टूल कललं. माझ्या खालच्या कडेला एक काळा फराटा दिसेल तुम्हाला, तो त्यांच्या हातातून निसटलेल्या ब्रशचा. खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे घराला कुलूप होतं. त्या तीन आठवड्यांत बाण उलटा करून घराकडे दाखवावा असं मला वाटत होतं, पण पाटीला हात नसतात.

घरी आणलं तेव्हा डॉक्टर सोबत आले होते. ओसरीत काकूंना म्हणाले, "ऑपरेशन छान झालंय. पण रोज चालायला हवं. पडून राहिले तर कायमचे पडूनच राहतील."

आणि पेंटर पडून राहिले. भिंतीकडे तोंड करून. वॉकर पलंगाशी तसाच उभा. काकू गोड बोलून दमल्या, रागावून दमल्या. "उद्या उठतो," एवढंच उत्तर. मला खिडकीतून त्यांची पाठ दिसायची. आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या माणसाची पाठ अशी अंथरुणाला चिकटलेली बघवत नाही हो.

फक्त एका गोष्टीनं ते उठायचे. गाडी थांबली, माणसं वर गेली आणि हसत खाली यायला लागली की आतून आवाज यायचा, "अगं, वॉकर दे." पलंगापासून ओसरीपर्यंत एकोणीस पावलं. घामाघूम व्हायचे, पण यायचे, आणि खांबाला धरून विचारायचे, "कसा वाटला? गार होतं ना?" दिवसाला तीन-चार गाड्या थांबल्या की तेवढं चालणं व्हायचं. काकू मनातल्या मनात गाड्यांची वाट बघायच्या. मीही उन्हात जितकं चमकता येईल तितकी चमकायचे.

त्याच उन्हाळ्यात झरा आटला.

बातमी आणली बसच्या ड्रायव्हरनं. त्याची बस गुरुवार सोडून रोज इथे दहा मिनिटं थांबते आणि तो तोंडावर पाणी मारायला वर जातो. त्या दिवशी कोरड्या तोंडानं परत आला. "काकू, वर काही नाही. नुसता दगड आहे."

काकूंनी आधी खिडकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हळू बोल," म्हणाल्या. "आणि कुणाला सांगू नकोस."

बस गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. टेकल्या. आमची ओळख कपाटापासूनची, माझ्याशी त्या अधूनमधून बोलतात. "लोक वर जाऊन शिव्या घालत परत आले," त्या म्हणाल्या, "तर हे कशाला उठतील गं?"

दुसऱ्या दिवशी पाण्याचे दोन कॅन आले, खाली तोटी असलेले.

त्यांनी कसं जमवलं ते सांगते. गाडी थांबली की काकू बाहेर यायच्या. "आलात का? बसा जरा. चहा टाकते, ऊन उतरू द्या." पाहुणे चहा पीत बसले की काकू घरामागच्या चढणीनं कॅन घेऊन वर. मागची वाट जवळची पण उभी. खडकाच्या वर एक झुडूप आहे म्हणे, त्याच्याआड कॅन ठेवायचा, तोटी करंगळीएवढी सोडायची आणि तशाच खाली यायचं. पदरानं घाम पुसायचा आणि म्हणायचं, "निघा आता, चारशे बारा पावलं आहेत." एक कॅन चाळीस मिनिटं पुरायचा. रविवारी नऊ-नऊ खेपा व्हायच्या. एकसष्ट वर्षांच्या बाईनं करायचं काम नव्हे ते.

मला आधी अपराधी वाटलं. मी सरळ बाई आहे. कपाटाचं दार असतानाही बंद म्हणजे बंद, उघडं म्हणजे उघडं. पण मग विचार केला, पाणी वरून खाली पडतंय, उंची एक वीत चार बोटं, माझ्यावर लिहिलंय त्यातलं खोटं काय? झऱ्याचंच असेल असं मी कुठे म्हटलंय? मनाची अशी समजूत घातली आणि गप्प राहिले. काकूच माझ्यापाशी थांबून म्हणायच्या, "बाई गं, गुडघे गेले माझे. तू मात्र बोलू नकोस." मी काय बोलणार.

पेंटर मात्र सुधारत होते. एकोणीस पावलांना आता धाप लागत नव्हती. काकू रोज संध्याकाळी गुडघ्यांना मलम चोळायच्या आणि "मुंग्या येतात नुसत्या" म्हणून वेळ मारून न्यायच्या.

चूक एकच झाली. घाईत काकू पाणी भरायच्या ते गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाला. भर उन्हात तापलेली टाकी ती.

एके दुपारी एक कुटुंब आलं. सहा-सात वर्षांची मुलगी सगळ्यांच्या आधी पळत खाली आली. पेंटर ओसरीत होते.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं. "पाणी गार होतं ना?"

"नाही आजोबा," ती म्हणाली, "मस्त कोमट होतं. आंघोळीला काढतात ना, तसं."

"काहीतरीच बोलू नकोस," तिची आई मागून म्हणाली.

"अगं खरंच. बोट घालून बघ जा."

काकू कपबशा उचलत होत्या, त्यांचा हात थांबला. पेंटरांनी काकूंच्या ओल्या चपलांकडे बघितलं. मग मान वर करून गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं. मग मुलीला म्हणाले, "असेल. उन्हाळा आहे. धबधब्यालाही उकडतं."

काकूंचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. पेंटरांना मी काकूंइतकीच ओळखते. त्यांना सगळं कळलं होतं.

त्यानंतर घरात एक गंमत सुरू झाली. काकू कॅन घेऊन मागच्या वाटेला लागल्या की इकडे पेंटर आपल्या आपण उठायचे. कुणी वॉकर द्यायला नको, काही नको. खिडकीतून मला सगळं दिसायचं. त्यांनी त्या कपाटाची एक छोटी फळी काढली, म्हणजे माझी धाकटीच म्हणा. पलंगाखालून रंगाचे डबे काढले. काकूंची पावलं वाजली की सगळं परत पलंगाखाली आणि हे अंथरुणात.

"रंगाचा वास कसला येतोय?" काकूंनी एकदा विचारलं.

"जुन्या डब्याचं झाकण सैल झालं असेल."

दोघं एकमेकांना फसवत होते आणि मधे मी उभी, दोन्हीकडचं माहीत असलेली. माझ्या जागी तुम्ही असतात तर फुटला असतात.

एका गुरुवारी सकाळी, काकू मागच्या अंगणात कपडे धूत असताना, ओसरीत वॉकरचा ठक ठक आवाज झाला. पेंटर बाहेर आले. गळ्यात सुतळीनं ती फळी अडकवलेली. ओसरीला तीन पायऱ्या आहेत. पडल्यापासून त्या पायऱ्या ते उतरले नव्हते. एक उतरले. थांबले. दुसरी उतरले. माझ्या अंगातले खिळे दुखायला लागले, इतकी मी ताठ झाले. पडू नका, पडू नका, एवढंच मनात. माझ्यासाठी तर मुळीच पडू नका.

पडले नाहीत. ओसरीपासून माझ्यापर्यंत एकतीस पावलं. त्यांनी माझ्या खालच्या कडेला दोन हूक बसवले, फळी टांगली आणि माझ्या खांबाला धरून उभे राहिले. घामेजलेला तळहात होता. किती महिन्यांनी तो हात मला लागला.

काकू कपडे वाळत घालायला पुढे आल्या. ओसरीतून पलंग रिकामा दिसला. हातातली बादली तिथेच ठेवून त्या धावत रस्त्याकडे आल्या.

"अहो, इथे कसे आलात?"

"चालत."

"पडला असतात म्हणजे?"

"पडलो नाही ना. हे वाच."

काकूंनी वाचलं. फळीवर दोनच ओळी होत्या.

दर गुरुवारी धबधबा बंद.
कारण : गुडघेदुखी.

काकू एकदा वाचून थांबल्या. परत वाचलं. मग माझ्याशेजारच्या दगडावर मटकन बसल्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"कोमट झाला तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"तुम्ही उठत नव्हता हो," काकू म्हणाल्या. "माणसं यायची थांबली असती तर तुम्ही कायमचे झोपला असतात. मी दुसरं काय करणार होते?"

पेंटरांनी खांबावरचा हात बदलला. "आधी मी त्या लोकांसाठी उठत होतो," ते म्हणाले. "त्या पोरीनं सांगितल्यापासून तुझ्यासाठी उठतोय. तू त्या गुडघ्यांनी टेकडी चढून येतेस, मग मी एकोणीस पावलं नको चालू?"

काकू रडल्या. पदर तोंडाला लावून चांगल्या पोटभर रडल्या. एक गाडी आमच्यापाशी हळू झाली, पाटी वाचली, म्हातारी रडतेय बघितलं आणि गुपचूप निघून गेली. मग काकूंनी परत फळीकडे बघितलं आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं. "अहो, धबधब्याला कधी गुडघे असतात का?"

"आपल्या धबधब्याला आहेत," पेंटर म्हणाले.

"आणि गुरुवारच का?"

"गुरुवारी बस नसते."

दुसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरनं फळी वाचली, मोठ्यानं हसला, मग हसायचा थांबला. काही न विचारता ओसरीतला कॅन उचलून वर घेऊन गेला. हल्ली तो रोज नेतो. आणि पेंटर आता येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगून टाकतात, "अर्धं वर्ष झरा, अर्धं वर्ष आम्ही." लोक नाराज होतील असं काकूंना वाटलं होतं. लोक म्हणतात, "द्या तो कॅन इकडे." उन्हाळ्यात आता ज्याला बघायचाय तोच पाणी नेतो. मागच्या महिन्यात कोट घातलेले एक साहेब खांद्यावर कॅन घेऊन चढत होते आणि त्यांची बायको मागून म्हणत होती, "घरी कधी एक तांब्या उचलला नाहीत." मी मन मोकळं करून करकरले.

आता माझंही वय झालं. डावा कोपरा वाळवीनं खाल्लाय, खिळे गंजलेत, वाऱ्यात अंग हलतं. किल्लीच्या भोकात एका कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय, त्यामुळे माझा पूर्णविराम बुजला. पेंटर वॉकर सोडून काठीवर आलेत, पण स्टुलावर त्यांना आता कुणी चढू देत नाही, आणि माझी दुसरी ओळ अर्धवट उजळलेली तशीच आहे. त्यातली फिकी अक्षरं मी कुणाला नीट करू देणार नाही. उद्या मी कोसळले तर उजवीला बाहेर काढतील. तिला सांगून ठेवा, ऊन फार असतं पण करमणूक चांगली होते.

तुम्ही या. कुरकुरत उतरा, पावलं मोजा, चुका, भांडा. खाली आल्यावर ओसरीतल्या म्हाताऱ्याला सांगा की गार होतं, आणि कोमट असेल तर कोमट सांगा. हसलात तरी चालेल, पेंटर मनावर घेत नाहीत.

गुरुवारी मात्र येऊ नका. एवढं माझं ऐका.

गुरुवारी सकाळी काकू ओसरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसतात, साडी गुडघ्यांपर्यंत वर घेऊन. पेंटर वरच्या पायरीवर, काठी बाजूला टेकवून. काळ्या टाकीचं पाणी बादलीत काढलेलं असतं. ते तांब्यानं पाणी घेतात आणि काकूंच्या गुडघ्यांवर हळूहळू सोडतात, आधी डाव्या, मग उजव्या. उंची साधारण एक वीत आणि चार बोटं. मी इथून नीट बघते.

"गार आहे का?" पेंटर विचारतात.

"कोमट आहे. सोडा तुम्ही."

पाणी पोटऱ्यांवरून खाली उतरतं, काकूंना गुदगुल्या होतात आणि त्या हसायला लागतात, पहिल्यांदा टेकडीवर बसून हसल्या होत्या तशाच. पेंटर तांब्या हातात धरून गंभीरपणे म्हणतात, "बघून हसू नये."